इटलीची गाडी आणि तात्यांचा गतिरोधक

येरमाळ्याच्या चौकातून हायवेला लागलं की डाव्या हाताला जुन्या टायरांची उतरंड दिसते. सगळ्यात वरच्या टायरवर पांढऱ्या रंगात माझं नाव आहे, त्यातली निम्मी अक्षरं उन्हानं उडाली आहेत. त्या उतरंडीमागं मी अडतीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. आता गॅरेज पुतण्या चालवतो. मी सकाळचा चहा प्यायला तेवढा तिथं जातो, कारण घरी चहा पिताना समोर कुणाची गाडी बंद पडत नाही आणि चहाला मजा येत नाही.

या अंकाचे संपादक म्हणजे आमच्या शाळेतले गुरुजी. त्यांची स्कूटर माझ्या गॅरेजात जेवढी राहिली, तेवढी त्यांच्या घरी राहिलेली नाही. परवा ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, औंदा तुमी लिवायचं. जन्म, शिक्षण, लगीन असलं काय नको. त्या व्हिडिओचं तेवढं लिवा, लोक तेच वाचत्यात."

तो व्हिडिओ न पाहिलेलं कुणी उरलं असेल तर सांगतो. त्यात मी हळदीच्या रंगाच्या एका इटालियन गाडीचं पुढचं झाकण उघडतो, आत वाकून बघतो आणि मागं वळून विचारतो, "आरं, इंजिन कुठंय?" व्हिडिओ तेवढाच आहे. दुबईला असलेल्या माझ्या भाच्याला तो तिथल्या माणसानं दाखवला. त्या दिवशी शेवटी जे घडलं ते मात्र कुणी काढलं नाही. म्हणून ते लिहितो.

आधी धंद्याचं थोडं सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मिस्त्री म्हणजे पान्यानं नट पिळणारा माणूस. नट कुणीही पिळतो. कुठला नट पिळायचा नाही, हे कळायला दहा वर्षं लागतात. गाडीचा रोग हातानं काढायचा असला तरी आधी तो कानानं शोधावा लागतो. माझ्याकडं हातभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आहे. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत कुठं खडखड आहे, कुठं धाप लागली आहे, कुठं नुसतंच कुरकुरणं आहे, सगळं ऐकू येतं. गाडी आणून देणारा माणूस जे सांगतो ते मात्र ऐकायचं नसतं. तो कायम म्हणतो, "काल तर चांगली हुती."

आमच्या भागात नव्या गाडीची पासिंग दोनदा होते. पहिली आरटीओकडं. तिथं एमएच पंचवीस मिळतं. जिल्ह्याचं नाव बदललं, आकडा तोच राहिला, त्यामुळं गाड्यांच्या गावी काही नाही. दुसरी पासिंग माझ्याकडं. गाडी नवी असो की जुनी घेतलेली, येडेश्वरीच्या दर्शनाला नेण्याआधी ती माझ्या दारात उभी राहते. मी बॉनेट उघडतो, पेचकस लावतो, ब्रेक दाबतो, आडवा होऊन खालून बघतो. मग उठून चार माणसांसमोर म्हणतो, "गाडी चांगली आहे." तेवढं म्हटलं की घरच्या बाया आत बसतात. याला कागद लागत नाही आणि शिक्काही लागत नाही.

ही प्रथा सुरू केली बाजीराव अण्णांनी. अण्णांचं गाव येरमाळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. तीस वर्षांपूर्वी त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जीप आणली. जीप गुणी होती, पण वाशीचा मेहुणा आत बसला की बंद पडायची. मेहुणा उतरला की चालू. अण्णांनी तीन-चार वेळा पारख केली आणि मेहुण्याला तोंडावर सांगितलं, "तुझा पायगुणच वाईट." अण्णांची बायको दोन महिने नवऱ्याशी बोलेना. शेवटी जीप, अण्णा आणि मेहुणा असे तिघंही माझ्याकडं आले. मी मेहुण्याला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. तो बसला की खालून फस्स असा बारीक आवाज यायचा. मेहुणा भरल्या अंगाचा, आणि त्या जीपची बॅटरी नेमकी त्याच सीटखाली. त्याच्या वजनानं सीटची स्प्रिंग दबायची, बॅटरीला टेकायची आणि शॉर्ट व्हायचं. मी ट्यूबचा एक तुकडा कापून मधे घातला. एका रबराच्या तुकड्यानं मेहुण्याचा पायगुण सुधारला आणि अण्णांच्या घरात बोलाचाली सुरू झाली. त्या दिवशी अण्णा म्हणाले, "मिस्त्री, तू पास केल्याबिगर म्या कुठल्याच गाडीत पाय ठेवणार न्हाय." आणि ते पाळलं. एसटीचा तेवढा अपवाद केला, कारण कंडक्टर थांबायला तयार नव्हता.

माझ्या पासिंगच्या अशा गोष्टी मी खूप सांगतो. एक सांगत नाही, ती आज लिहितो. एका खंडेनवमीला माझ्या दारात पूजेच्या गाड्यांची रांग लागली होती. महादू नावाच्या ड्रायव्हरनं जुना टेम्पो घेतला होता. मला घाई होती, वर लोक माझी तारीफ करत होते आणि मला ती ऐकायची होती. मी खाली वाकलो नाही. बॉनेटवर थाप मारली आणि म्हणालो, "गाडी चांगली आहे." पंधरा दिवसांनी येडशीच्या उतारावर स्टेअरिंगचा जोड निखळला. महादूचा उजवा पाय गेला. तो मला कधी एक शब्द बोलला नाही. दर संक्रांतीला काठी टेकत येतो आणि तिळगूळ देऊन जातो. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता गाडीकडं येतो.

अण्णांचा एकुलता एक मुलगा विक्रम पुण्याला असतो, प्लॉटच्या धंद्यात. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "मिस्त्रीकाका, इटलीची गाडी घेतली. अण्णांना तिच्यातून देवीच्या टेकडीवर न्यायचंय. पण अण्णा म्हणतेत, मिस्त्रीनं पास केल्याबिगर मी बसत न्हाय. तुमी तेवढं हो म्हणा, म्हंजी माझं लहानपणापासूनचं सपान पुरं व्हतंय." त्यानं स्वतःसाठी काय काय घेतलं असेल ते असो, हे एक बापासाठी होतं. मी म्हणालो, "आण. बघू की."

बातमी माझ्याआधी गावभर गेली. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माजी सरपंच दगडू तात्यांचा फोटो सगळ्यात मोठा, त्याच्या खालोखाल त्यांच्या चिरंजीवांचा, मग निवडणुकीला उभे राहू इच्छिणाऱ्या अकरा जणांचे, आणि कोपऱ्यात, चष्मा लावून बघितली तर, गाडी. विक्रमचा फोटो नव्हता. त्याचं नाव खाली 'सौजन्य' या शब्दापुढं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पेचकसाला रॉकेलनं पुसून लख्ख केलं. गाडी आली ती ट्रकवर बसून. बंद ट्रक, आत गाडी पट्ट्यांनी बांधलेली. आमच्याकडं ट्रकमधून म्हैस येते किंवा कांदा येतो. रस्त्यावर पळायला केलेली चीज रस्त्याला न टेकता पुण्याहून येरमाळ्यापर्यंत आली, याचं कुणाला काही वाटलं नाही. ट्रकसोबत कंपनीचा एक इंजिनिअर होता. हातांवर पांढरे हातमोजे, काखेत पाटीएवढा कॉम्प्युटर. माणूस अदबीचा होता, ते मी आजही कबूल करतो.

गाडी खाली उतरली आणि माणसं पुढं सरकली. खरंच देखणी होती, खोटं कशाला बोलू. एवढी बुटकी की मला गुडघ्यांवर बसून तिच्या काचेत बघावं लागलं. दारं बाजूला उघडत नव्हती, वर जात होती. मग एकेकजण विचारायला लागला.

"सीटा दोनच? मंग पोरं कुठं बसवायची?"

"मागं हुक हाय का? ट्रॉली जोडता यील का?"

"दार वर जातंय. गोठ्यात लावली तर आढ्याला आदळंल की."

"विक्रमशेठ, ॲव्हरेज किती देतीय?"

विक्रमनं खरा आकडा सांगितला. एक म्हातारा हळूच म्हणाला, "माझा ट्रॅक्टर नांगरताना बी एवढं पीत न्हाय."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सरका, मिस्त्रीला फुडं येऊ द्या!" दहा-पंधरा मोबाईल माझ्याकडं वळले. मी रुबाबात पुढं झालो, पुढचं झाकण उघडलं, आणि आत बघतो तर नुसता खड्डा. काळ्या गालिच्यानं मढवलेला, एक पिशवी मावेल एवढा. मला खरोखर वाटलं की वाटेत कुणीतरी इंजिन काढून घेतलं. पूर्वी हायवेवर उभ्या ट्रकची स्टेपनी जायची, बॅटरी जायची. मी मागं वळून विचारलं, आणि तो व्हिडिओ झाला.

इंजिनिअरनं अदबीनं सांगितलं, "अंकल, इंजिन मध्ये आहे. सीटच्या मागं. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर सारखं पडावं म्हणून." मागची काच दाखवली. खाली ते होतं, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं उजेडात ठेवलेलं. मी पेचकस काढला. त्यानं दोन्ही हात आडवे घातले. "नाही नाही, याला टच करायचं नाही. काय चाललंय ते इथं दिसतं." त्यानं काखेतली पाटी पुढं धरली. तिच्यावर हिरव्या रेघा होत्या. लोक हसले. ते इंजिन सुरू झालं तेव्हा चौकातली कुत्री पळाली आणि माझ्या कानाला एवढंच कळलं की आवाज मोठा आहे. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मला गाडीचं काही कळलं नाही. कळलं नाही याचं वाईट नाही वाटलं. लोकांनी ते बघितलं, त्याचं वाटलं. पुढचं सगळं त्या रागातून घडलं.

मग मिरवणूक. पुढं हलगी, मधे गाडी, मागं आम्ही. अण्णांचं गाव एका हाकेवर आहे, पण मधे गतिरोधक आहेत. आमच्याकडं गतिरोधक सरकार टाकत नाही, माणसं टाकतात. घरासमोर गतिरोधक असला म्हणजे माणूस वजनदार समजायचा. सरपंच झाला की आधी गतिरोधक, मग शपथ. उंचीवरून मान ठरतो, त्यामुळं पुढच्या सरपंचाचा गतिरोधक मागच्यापेक्षा चार बोटं उंच असतो. लहानसहान गतिरोधकांवरून गाडी सेंट्रिंगच्या फळ्या टाकून नेली. दगडू तात्यांच्या दारात सगळं थांबलं.

तात्या तीन वेळा सरपंच होते. त्यांनी प्रत्येक वेळी त्याच गतिरोधकावर भर घातली होती.

विक्रमनं हात जोडले. "तात्या, एवढा एक कोपरा फोडू द्या. दुपारच्या आत पुन्हा बांधून देतो."

तात्या ओट्यावर बसून म्हणाले, "विक्रम, तुझी गाडी आमच्या गावची शान हाय. फ्लेक्स म्याच लावलाय. पण गतिरोधक फुटला तर लोक म्हंतील तात्याचं वजन गेलं. इलेक्शन तोंडावर हाय. गाडी उचलून न्या, आमी आडवं येत न्हाय."

इंजिनिअरनं आतलं एक बटण दाबलं. गाडीनं पुढचं नाक चार बोटं वर उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हलगीवाल्यानं जोरात एक तुकडा वाजवला. पुढची चाकं गतिरोधक ओलांडून गेली, आणि गाडी मधोमध पोटावर बसली. चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. पुढं जाईना, मागं येईना. इंजिनिअर घाबरला. त्यानं पुण्याला फोन लावला, तिथून दुसरीकडं लावायला सांगितलं, दुसरीकडून तिसरीकडं.

आणि मी पुढं झालो. गॅरेजातनं सोबत आणलेला माझा बाटली जॅक हातात घेतला.

"अंकल, दोन मिनिटं थांबा, मी विचारतोय," इंजिनिअर फोनवर हात ठेवून म्हणाला.

"जॅक लावायला इटलीला इचारायचं का?" मी म्हणालो. लोक खदखदून हसले. या वेळी माझ्यावर नाही, त्याच्यावर. फार गोड वाटलं.

मी रस्त्यावर आडवा झालो. गाडीचं पोट काळ्या गुळगुळीत फळीनं झाकलेलं होतं, काही दिसत नव्हतं. मागच्या डाव्या चाकाजवळ हातानं चाचपलं, टणक लागलं. सगळ्या गाड्यांना तिथं चेसिस असते. मी जॅक बसवला आणि दांडी मारली. गाडी उचलली. आणि त्याच वेळी वर, फळीच्या आत, बारीक 'कट्' झालं. वाळलेली काडी मोडावी तेवढंच. हलगीत, टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी माझ्या मनाला सांगितलं, खडा तडकला असंल.

खाली फळ्या सरकवल्या, गाडी सुटली. मला दोघांनी खांद्यावर घेतलं. इंजिनिअरच्या तोंडाकडं मी बघितलं नाही.

अण्णांच्या दारात अंगणभर रांगोळी होती. सुनेनं गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी दोन हात पुढं घेतली, लिंबं फुटली. आता अण्णा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, दोन्ही गुडघे गेलेले, अंगात नवा नेहरू शर्ट. त्या गाडीत बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसायची तयारी लागते. चौघांनी त्यांना धरून, वाकवून, फिरवून आत सोडलं. फेटा छताला टेकला. अण्णांचे डोळे भरले होते. विक्रम दुसऱ्या बाजूनं स्टेअरिंगवर बसला आणि लहान पोरासारखा बापाकडं बघत राहिला.

मी शिरस्त्याप्रमाणं गाडीभोवती चक्कर मारली. मागच्या डाव्या चाकाशी लिंबाचा चोथा पडला होता आणि त्याच्या बाजूला, रांगोळीच्या मोराच्या पिसाऱ्यावर, रुपयाएवढं ओलं दिसलं. लिंबाचाच रस असणार. मी वाकून बोट लावलं. लिंबाचा रस चिकट होतो, हे बोटावरून घसरत होतं. नाकाला लावलं. आंबट वास नव्हता.

ब्रेक ऑईलचा वास मला झोपेत दिला तरी ओळखेन. मी बघत असतानाच मोरावर दुसरा थेंब पडला.

आतून अण्णांचा आवाज आला, "मिस्त्री! काय बघूलालास एवढं? कशी हाय गाडी?"

सगळे माझ्याकडं वळले. मोबाईल चालू असते तर तेही पुन्हा वर आले असते, पण मिरवणुकीतच बहुतेकांच्या बॅटऱ्या संपल्या होत्या.

खरं सांगायचं तर माझ्या मनात बरंच काही येऊन गेलं. थेंब लहान होता. पाटीवर हिरव्या रेघा होत्या. "चांगली आहे" म्हटलं की मी मोकळा होतो, आणि पुढं काही झालं तर इटलीच्या माथ्यावर. आणि नाही म्हणायचं तर का नाही, तेही सांगावं लागणार. ही गाडी पुण्याहून इथवर धड आली आणि माझ्या हातानं मोडली, हे त्याच लोकांना सांगावं लागणार, ज्यांनी मला घटकाभरापूर्वी खांद्यावर घेतलं होतं. पण देवीच्या टेकडीला जेवढा चढ आहे तेवढाच उतार आहे. मला महादूची काठी दिसली.

"अण्णा, गाडी चांगली नाही," मी म्हणालो. "ब्रेकची नळी फुटलीय. म्या फोडली. तात्यांच्या दारात जॅक लावताना."

आधी कुणाला कळलंच नाही. मग गलका झाला. विक्रम खाली उतरला. इंजिनिअरनं पाटी बघितली आणि म्हणाला, "सिस्टीम ओके दाखवतेय. ब्रेकमध्ये काही एरर नाही." मागून तात्यांचा चिरंजीव म्हणाला, "मिस्त्रीचं वय झालंय. सकाळी इंजिन सापडत नव्हतं, आता ब्रेक सापडंना." पुन्हा हशा. विक्रमनं माझा हात धरला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, कॉम्प्युटर चांगली म्हणतोय. एकदा हो म्हणा. हळू नेतो. आवं, अण्णांचं वय बगा, परत कवा बसणार?"

मी हात सोडवून घेतला.

आतून अण्णा म्हणाले, "विक्रम, मला उतरीव."

"अण्णा, कॉम्प्युटर..."

"कॉम्प्युटरनं माझ्या मेव्हण्याचा पायगुण सुधरला न्हवता. मिस्त्री न्हाय म्हणतोय, म्हंजी न्हाय. उतरीव मला."

आत बसवायला चार माणसं लागली होती. अण्णांनी दोन्ही हात माझ्याकडं केले आणि मी त्यांना एकट्यानं बाहेर ओढलं. दोघांचाही तोल गेला आणि आम्ही रांगोळीवर बसलो. फेटा सुटला. अण्णांना धाप लागली होती. ते विक्रमला म्हणाले, "गाडी लई देखणी हाय पोरा. बसून बगितलं. माझं झालं." विक्रमनं तोंड फिरवलं.

त्यानंतर इंजिनिअरनं पांढरे मोजे काढले, गुडघे टेकले आणि रांगोळीला बोट लावून वास घेतला. मग आत बसून ब्रेक दहा-बारा वेळा दाबला. तेराव्यांदा त्याचा पाय थेट तळाला गेला आणि पाटीवरच्या सगळ्या रेघा एकदम लाल झाल्या. तात्यांचा चिरंजीव हलगीवाल्याला घेऊन निघून गेला.

संध्याकाळ व्हायच्या आत गाडी पुन्हा ट्रकवर चढली. पट्ट्या बांधताना इंजिनिअर माझ्याजवळ आला. त्यानं मोबाईलवर गाडीच्या पोटाचा फोटो दाखवला. जॅक लावायच्या जागेवर बाण काढलेला होता, मी लावला तिथून जेमतेम वीतभर पुढं. तो म्हणाला, "अंकल, मी तेच विचारत होतो फोनवर." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अडतीस वर्षांत मी कुणाला काही विचारलं नव्हतं, ही मला माझी कमाई वाटायची. त्या वेळी त्या पोराची माफी मागायला हवी होती. मी नुसती मान हलवली. इथं मागतो.

आठवडाभर मी गॅरेजकडं फिरकलो नाही. व्हिडिओ तोवर सगळीकडं गेला होता. तात्यांच्या चौकातल्या फ्लेक्सवर आता गाडीच्या जागी गतिरोधकाचा फोटो आला होता आणि खाली ओळ होती, 'यानं इटलीलाही थांबवलं.'

मग एका सकाळी अण्णांची जुनी जीप घरासमोर येऊन उभी राहिली. विक्रम चालवत होता. तो माझ्याशी अजून धड बोलत नव्हता, पण उतरून त्यानं बॉनेट उघडून धरलं. अण्णा खाली उभे होते. "देवीला जायचंय. पास कर," ते म्हणाले.

मी पेचकस आणला. इंजिन ऐकलं. चारी चाकं हलवून बघितली. खाली सतरंजी टाकून आडवा झालो आणि ब्रेकच्या नळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. एवढा वेळ मी कुठल्याच गाडीला दिला नव्हता. उठलो, तेव्हा सदऱ्याला माती लागली होती.

"चांगली हाय, अण्णा."

अण्णा चढले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंग तू बी बस."

अडतीस वर्षांत मी किती गाड्या पास केल्या असतील, आणि पास केलेल्या गाडीतून मी स्वतः कधी कुठं गेलो नव्हतो. मला ते त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मी पेचकस दारात ठेवला, मेहुण्याची ती सीट उचलली, रबराचा तुकडा जागेवर आहे का ते बघितलं, आणि बसलो. मग अण्णा माझ्या शेजारी चढले.

देवीचं दर्शन झालं. उतरताना टेकडीच्या वळणावर विक्रमनं ब्रेक दाबला. जीप थांबली. मी केव्हापासून धरलेला श्वास सोडला. अण्णांनी तो ऐकला, पुढं बघतच माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि विक्रमला म्हणाले, "चल, सोड आता."